बंदी नको, पट्टा हवा: आमच्या मंडळाच्या सहल समितीस खुले पत्र

सहल समितीच्या सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

जूनमधल्या सहलीचं पत्रक मिळालं. पोर्ट मेडोचं कुरण, तिथून टेम्सच्या काठाने गॉडस्टोपर्यंत आणि वोल्व्हरकोटकडून परत, हा मार्ग निवडल्याबद्दल आधी मनापासून आभार. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी मिळून चालावं अशी याहून चांगली वाट ऑक्सफर्डच्या आसपास मला तरी माहीत नाही. पण पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ आहे: 'कृपया कुत्रे आणू नयेत.' ती ओळ काढावी आणि तिच्या जागी स्पष्ट नियम घालावेत, एवढ्यासाठी हे पत्र आहे. समितीला खासगीतही लिहिता आलं असतं. पण आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांत आता कुत्रा आहे आणि बऱ्याच घरांत कुत्र्याची धास्ती आहे. दोन्ही घरांनी हे वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

ही ओळ कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात मोकळा सोडलेला एक कुत्रा थेट सतरंज्यांवरून धावत गेला, मुलं रडली, एका काकूंच्या मांडीवर त्याने चिखलाचे पाय ठेवले, आणि मालक लांबूनच हसत म्हणाले, "तो काही करत नाही हो!" त्या काकू त्यानंतर एकाही सहलीला आलेल्या नाहीत. समितीला राग आला असेल तर तो रास्त आहे. मलाही आला होता, आणि माझ्या घरी कुत्री आहे.

कुत्र्याची भीती हा काही भित्रेपणा नव्हे. आपल्यातले बहुतेक जण ज्या गावांत आणि पेठांत वाढले, तिथे रात्री गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांचं टोळकं बसलेलं असायचं आणि सायकलमागे धावायचं. 'कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं' ही आपल्या आयांनी रचलेली गोष्ट नव्हती. जुनी लस खरोखरच तशी पोटात टोचत असत. आजही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या आई समोरून सुसाट येणारा लॅब्रेडोर पाहून जागीच थिजत असतील, तर त्यामागे आयुष्यभराचा अनुभव आहे. त्यांना इथली आकडेवारी ऐकवून काही होणार नाही. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत कित्येक दशकं रेबीज नाही हे खरं असलं, तरी अंगावर आलेला कुत्रा अंगावर आलेलाच असतो.

मग बंदी का नको? कारण बंदीने त्या आईंचं रक्षणच होत नाही. पोर्ट मेडो ही आपण भाड्याने घेतलेली जागा नाही. जूनमधल्या रविवारी तिथे सगळ्या शहराची कुत्री असणार, त्यांतली कितीतरी मोकळी असणार, आणि त्यांच्या मालकांनी आपलं पत्रक वाचलेलं नसणार. बंदीचा परिणाम एवढाच की त्या कुरणावर कुत्रा न आणणारे आपणच तेवढे असू. काकूंकडे धावत येणारा कुत्रा तरीही येईल, आणि त्या वेळी काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल.

दुसरं असं की बंदी घातली म्हणून कुत्रा नाहीसा होत नाही. मुलं युनिव्हर्सिटीत गेल्यावर घरात दोघंच उरलेली, आणि कुत्रा आहे म्हणून रोज दोन वेळा घराबाहेर पडणारी जोडपी आपल्यात आहेत. दिवसभराच्या सहलीत त्यांनी काय करायचं? प्रौढ कुत्र्यालाही चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये असं इथल्या प्राणिसंस्था सांगतात. म्हणजे एक तर ती यायची नाहीत, किंवा त्याहून वाईट, 'थोडा वेळच तर आहे' म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवून येतील. बाहेर 22 अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात 47 अंशांपर्यंत जाऊ शकतं. काच थोडी खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. आपल्या पत्रकातल्या एका ओळीमुळे कुणाच्या हातून असं घडू नये.

आता जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते. पत्रकात 'निसर्गरम्य परिसर' एवढंच लिहिलं आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच अडलाय. पोर्ट मेडो हे उद्यान नाही. ते गायरान आहे. सुमारे 300 एकरांचं हे सपाट कुरण कधीच नांगरलं गेलेलं नाही असं मानतात, आणि म्हणूनच तिथे ताम्रयुगानंतरच्या कांस्ययुगातल्या दफनांच्या खुणा अजून जमिनीत शाबूत आहेत. ऑक्सफर्डच्या नागरिकांचं शहराच्या तटाबाहेर एक सामाईक कुरण आहे अशी नोंद 1086 च्या डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीत, सापडते. राजा आल्फ्रेडने ते बक्षीस दिलं ही आख्यायिका आहे, पण हक्क मात्र आजही जिवंत आहेत. ऑक्सफर्डचे 'फ्रीमन' (शहराचे परंपरागत हक्कदार नागरिक) आणि वोल्व्हरकोटचे 'कॉमनर' (सामाईक कुरणावर हक्क असलेले रहिवासी) आपापली गुरं आणि घोडी इथे चरायला सोडतात. शहराच्या शेरिफकडे (हे इथे एक मानाचं पद आहे) वर्षातून एकदा, आधी न सांगता, ही सगळी जनावरं हाकून आणून मोजायचं काम असतं. ज्यांचा हक्क नाही त्यांची जनावरं अडकवून ठेवायची आणि दंड भरल्यावर सोडायची, म्हणजे आपल्याकडचा कोंडवाडाच. आपल्या गावची गायरानं कुणी गिळली, किती उरली, यावर आपण जेवणाच्या टेबलावर तावातावाने बोलतो. हजार वर्षं टिकलेलं एक गायरान इथे बसच्या अंतरावर आहे, आणि ते टिकलं कारण त्यावर कुणाचा काय हक्क आणि कुणी काय पाळायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरवून घेतलेलं आहे. कुणालाही सरसकट हाकलून ते टिकलेलं नाही.

हिवाळ्यात नदी पसरते आणि अर्धं कुरण पाण्याखाली जातं. तेव्हा टिटव्या, सोनचिलखे आणि रानबदकं मोठ्या थव्यांनी उतरतात. थंडी कडक पडून ते उथळ पाणी गोठलं, तर लोक त्यावर स्केटिंग करतात. पाणी ओसरलं की जो ओला, तुडवलेला चिखल उरतो, त्यात एक रांगती, पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती उगवते, क्रीपिंग मार्शवर्ट नावाची. ब्रिटनमध्ये ती फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि पोर्ट मेडो हे तिचं मुख्य घर आहे. गुरांनी गवत आखूड ठेवलं आणि खुरांनी जमीन उकरली तरच ती जगते. उत्तरेला पिक्सी मीड आणि यार्नटन मीड ही वैरणीची कुरणं आहेत. तिथे फुलं बी धरेपर्यंत गवताला हात लावायचा नाही, कापणी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. 1930 च्या दशकापासून पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली अशी 97 टक्के कुरणं नांगराखाली, खताखाली किंवा घरांखाली गेली. आपण सतरंजी अंथरतो ती जमीन उरलेल्या तीन टक्क्यांच्या शेजारची आहे, हे मुलांना चालता चालता सांगावं.

वाटेबद्दल फार लिहीत नाही, समितीने ती चालून पाहिलीच असेल. वॉल्टन वेल रोडच्या फाटकातून आत, मेडलीच्या पुलावरून पलीकडे, मग टेम्स पाथ या नदीकाठच्या पायवाटेने उजव्या हाताला नदी ठेवत वर. बिन्सीला 'द पर्च' हा पब, पुढे गॉडस्टोचं लॉक (बोटी चढवा-उतरवायचा पाण्याचा दरवाजा), बाराव्या शतकातल्या जोगिणींच्या मठाचे पडके अवशेष, पूल ओलांडला की 'द ट्राउट' हा दुसरा पब, आणि वोल्व्हरकोटहून कुरणावरून थेट दक्षिणेला परत. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर. दोन्ही पबच्या बागांत कुत्र्यांना मज्जाव नाही. एवढी सगळी वाट कुत्र्याला आपलं म्हणते, आणि फक्त आपलं पत्रक नको म्हणतं, हे मला पटत नाही.

पण वाट कुत्र्याला आपलं म्हणते याचा अर्थ कुत्र्याने वाटेल तसं वागावं असा नाही. इथून पुढचं मी समितीपेक्षा माझ्यासारख्या कुत्रेवाल्यांना उद्देशून लिहिते आहे, आणि ते कडक आहे.

गुरांजवळ कुत्रा पट्ट्यावरच हवा. माळावरचा धनगराचा कुत्रा पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतो. आपला कुत्रा सोफ्यावर वाढलेला आहे आणि गाय त्याने मोटारीच्या काचेतून पाहिलेली असते. तो भुंकला, दोन पावलं धावला, की गाय त्याला लांडगाच समजते. जनावरांना त्रास देणारा कुत्रा मालकाला कोर्टात उभा करू शकतो, हा कायदा इथे 1953 पासून आहे. आणि धोका एकाच बाजूने नसतो. डेव्हिड ब्लंकेट हे ब्रिटनचे माजी गृहमंत्री जन्मांध. 2009 मध्ये डर्बीशायरमध्ये मार्गदर्शक कुत्रीसोबत चालताना त्यांच्यावर गाय धावून आली आणि त्यांची बरगडी मोडली. ज्या कुत्रीला अशा कामासाठी खास शिकवलेलं असतं, तिच्या बाबतीत हे घडलं. गायीचा राग बहुतेक वेळा माणसावर नसतो, कुत्र्यावर असतो, आणि कुत्रा पळत येऊन मालकाच्या पायांत शिरतो म्हणून मालक तुडवला जातो. त्यासाठीच इथल्या 'कंट्रीसाइड कोड'मधली, म्हणजे रानावनात फिरणाऱ्यांसाठीच्या सरकारी नियमावलीतली, एक सूचना सगळ्यांनी पाठ करावी: एरवी पट्टा सोडायचा नाही, पण गुरं अंगावर धावून आली तर त्या क्षणी तो हातातून सोडून द्यायचा. कुत्रा गायीपेक्षा जोरात पळतो, आपण पळू शकत नाही. ते टाळायचं तर गाय आणि तिच्या वासराच्या मधून कधी जाऊ नये. पोर्ट मेडोवर रुंदीला कमतरता नाही, लांबून वळसा घालता येतो.

मार्च ते जुलै हे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे दिवस. चंडोलाचं घरटं गवतात असतं, ते आपल्याला दिसत नाही आणि कुत्र्याच्या नाकाला मात्र सापडतं. त्याने अंडं खाल्लं नाही तरी मादी उडून गेली आणि बराच वेळ परतली नाही, की अंडी थंड पडतात. आपली सहल बरोबर जूनमध्ये आहे. म्हणून उंच गवतात कुत्रा सोडायचा नाही, गायी लांब दिसत असल्या तरी नाही.

आता शीबद्दल. पिशवीत उचलायची, गाठ मारायची, आणि ती पिशवी कुंपणाला लटकवून न जाता कचरापेटीपर्यंत न्यायची. 'शेणाने भरलेल्या कुरणावर कुत्र्याच्या शीचं काय एवढं?' असं मला प्रत्यक्ष विचारलं गेलंय. उत्तर असं: नीओस्पोरा नावाचा एक परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातो, आणि ते गवत खाल्लेल्या गाभण गायीचा गर्भ पडू शकतो. ज्या पशुपालकाच्या गायरानावर आपण फुकट चालतो, त्याचं वासरू आपल्यामुळे जाऊ शकतं. शिवाय गाय जे गवत खाते तेच शेणातून जमिनीला परत करते. कुत्रा घरी डब्यातलं खातो आणि ते सगळं कुरणावर आणून टाकतो. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या निसर्गक्षेत्रांत संशोधकांनी 2022 मध्ये हिशोब मांडला, तेव्हा कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद जमिनीत पडतं असं निघालं. शेतकऱ्याला हे खत वाटेल. फुलांच्या कुरणाला मात्र ते घातक असतं, कारण जमीन सकस झाली की दांडगं गवत माजतं आणि नाजूक फुलझाडं त्याखाली गुदमरतात.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. मानेवर टाकायच्या गोचीड-पिसवांच्या औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असतं. इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याच्या तपासणीत फिप्रोनिल 98 टक्के नमुन्यांत सापडलं, आणि हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. शेतात ज्यांना मनाई आहे ती कीटकनाशकं आपण कुत्र्याच्या मानेवरून नदीत नेतो आहोत, आणि नदीतले किडे मेले की मासे आणि पक्षी उपाशी राहतात. सहलीच्या आधीच्या दिवसांत असं औषध टाकलं असेल तर त्या दिवशी कुत्र्याला पाण्यात उतरवू नका. तसंही ते पाणी फार भरवशाचं नाही. वोल्व्हरकोटच्या प्रवाहाला 2022 मध्ये स्नानयोग्य जागेचा अधिकृत दर्जा मिळाला, आणि त्यानंतरच्या तपासण्यांत पाण्याची प्रत 'निकृष्ट' ठरली. मुलांनाही हे सांगायला हवं.

डब्यांबद्दल आपल्या बायकांना आणि पुरुषांनाही एक विनंती, कारण आपली सहल म्हणजे निम्मी खाण्याचीच असते. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चिवड्यातले, शिऱ्यातले, पुलावातले बेदाणे यात आले. कांदा-लसूण त्यांना विषारी आहे, चॉकलेटही. मक्याचं कणीस खाऊन उरलेला दांडा कुत्रा आवडीने गिळतो, तो आतड्यात अडकतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. प्रेमापोटी कुणी काही भरवू नये, आधी मालकाला विचारावं. आणि गायीला पोळी? मला माहीत आहे की आपल्यातल्या कितीतरी जणींना गाय दिसली की गोग्रास द्यावासा वाटतो, मलाही वाटतो. पण 2001 मध्ये इथे लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, लाखो जनावरं मारावी लागली, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातून आलेलं अन्न अशा जनावरांना घालणं हा गुन्हा आहे. घोड्यांनाही काही द्यायचं नाही. नमस्कार लांबूनच करावा.

तर समितीकडे माझं मागणं असं आहे. पत्रकात लिहा की कुत्रा आणायचा असेल तर आधी कळवा, आणि तो पूर्ण वेळ दोन मीटरच्या साध्या पट्ट्यावर ठेवा. लांबत जाणारा, चकरीचा पट्टा चालणार नाही, तो हातात असून नसल्यासारखा. गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, तो इथला कायदाच आहे. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते ते पुढे चालतील, कुत्रेवाले मागे राहतील, आणि मधलं अंतर राखण्याची जबाबदारी कुत्रेवाल्यांची, घाबरणाऱ्यांची नव्हे. जेवायला बसताना कुत्र्यांची सतरंजी वेगळी आणि लांब. ज्याला हे जमणार नाही त्याला नम्रपणे परत पाठवा, मग तो मंडळाचा कितीही जुना सभासद असो.

आणि निघण्यापूर्वी फाटकाशी पाच मिनिटं सगळ्यांना एक गोष्ट दाखवा, खास करून मुलांना आणि आजी-आजोबांना. अनोळखी मोकळा कुत्रा धावत आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात वर करायचे नाहीत. हाताची घडी घालून, नजर दुसरीकडे वळवून, झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं. बहुतेक कुत्री हुंगून कंटाळतात आणि निघून जातात. आपल्यातला जो जवळ असेल त्याने पुढे होऊन मालकाला हाक मारायची, 'प्लीज कॉल युअर डॉग' असं स्पष्ट, मोठ्याने. हे म्हणायला संकोच वाटायचं कारण नाही. कुत्रा ताब्यात ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि आपला त्या वाटेवरचा हक्क त्याच्याइतकाच आहे.

ही पाच मिनिटं घ्यायला मी तयार आहे, आणि दिवसभर कुत्रेवाल्यांच्या शेवटी चालायलाही. ज्या काकू मागच्या वर्षीपासून येत नाहीत, त्यांना समितीने स्वतः फोन करावा, हे नियम वाचून दाखवावेत, आणि ते त्यांना पुरेसे वाटतात का ते विचारावं. त्यांनी आणखी एखादा नियम सुचवला तर तोही पत्रकात घ्या. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि सुधारित पत्रक मे संपण्याआधी सगळ्यांना पाठवावं, म्हणजे कुत्रेवाल्यांना पट्ट्यावर चालायची सवय करायला निदान दोन-तीन आठवडे मिळतील.

कळावे,

आपली,
मंडळाची एक सभासद
ऑक्सफर्ड